एकाच भिंगाचे दोन अर्ज

काटेसाहेबांना कॅमेऱ्याची एक लेन्स घ्यायची होती. गोष्ट एवढीच. माणसं घरं बांधतात, मुलींची लग्नं करतात आणि तरीही वेळेवर जेवतात. काटेसाहेबांना मुठीत मावेल अशी एक वस्तू हवी होती, आणि तिच्यापायी तीन महिने, दोन अर्ज, एक लेखी खुलासा आणि चांगला जोपासलेला एक शेजारी खर्ची पडला.

काटेसाहेब हे नाव त्यांना बाजाराने दिलं होतं. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी घेऊन ते रस्त्याच्या या टोकाला दिसले की त्या टोकापर्यंतचे तराजू आपापल्या जागी सरळ होत. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना म्हणे वासाने कळायचं. ही वदंता खोडून काढायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

लेन्स हवी होती घरीच राहणाऱ्या सासऱ्यांसाठी. नाना घड्याळजी होते. पन्नास वर्षं एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची वेळ दुरुस्त केली होती. गेली सात-आठ वर्षं त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचत चाललं होतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं विरघळायचं. दाराची चौकट दिसे, दारातला माणूस दिसत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं राहील, पण नीट बघायचं जे काही असेल ते वर्ष संपायच्या आत बघून घ्या. नानांनी चार दिवस विचार केला. एवढ्या मोठ्या जगातून काय काय बघायचं ते ठरवायला चार दिवस म्हणजे काहीच नाही, पण नाना पहिल्यापासून मोजके. पाचव्या दिवशी त्यांनी जावयाला जवळ बसवलं.

“दोनच गोष्टी,” ते म्हणाले. “मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने उघडून चालू केलेलं घड्याळ आहे, त्याचं पोट बघायचंय. आणि पोरीचं तोंड. दोन्ही मोठं करून दाखवा जावईबापू. पण काम स्वच्छ हवं.”

बायकोच्या मोबाइलवर दोन्ही आधी करून बघितलं. घड्याळाच्या पोटाच्या जागी चकचकीत डबकं उमटलं आणि तोंडाच्या जागी नानांना नेहमीचंच धुकं दिसलं. मेहुण्याने मग आपला जुना कॅमेरा आणून दिला. त्याच्या लेन्सला बुरशी लागली होती, म्हणून तो नुसतं धड घेऊन आला. डोकं तुम्ही बसवा, म्हणाला.

इथून सल्ले सुरू झाले.

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. त्या रोज दाढांचे फोटो काढीत. त्यांनी सांगितलं, शंभर मिलिमीटरची मॅक्रो घ्या. मॅक्रो म्हणजे जवळचं बघणारी. तिच्यातून किडलेली दाढ बघितली की डोंगरातली गुहा बघितल्यासारखं वाटतं. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला म्हणाला, माणसाच्या चेहऱ्याला पंच्याऐंशीच. चेहरा लोण्यासारखा येतो आणि मागचं सगळं विरघळतं. पण पंच्याऐंशी हातभर अंतराच्या अलीकडे बघायलाच तयार नव्हती, आणि तेवढ्या लांबून नानांच्या घड्याळाचा स्क्रू म्हणजे नुसता ठिपका. शेजारच्या निवृत्त ग्रंथपालांकडे कॅमेरा नव्हता, कधीच नव्हता, त्यामुळे त्यांचं ज्ञान निर्भेळ राहिलं होतं. त्यांनी साठ, नव्वद, शंभर आणि एकशे पाच यांचा तक्ता करून आणला, हिरव्या शाईत रेघा मारून. साठची घ्याल तर घड्याळाच्या इतकं जवळ जावं लागेल की लेन्सचीच सावली पडेल, म्हणाले. शंभरची थोडी लांब उभी राहून जवळचं बघते, आणि मागे सरकलं तर चेहराही घेते. शेवटी तक्त्यातल्या शंभरच्या रकान्याला त्यांनी दुहेरी चौकट केली.

“मग डॉक्टरीणबाई हेच एका वाक्यात म्हणाल्या होत्या,” काटेसाहेबांची बायको म्हणाली. ग्रंथपालांनी तक्त्याची घडी घातली आणि ते चहा न घेता गेले.

डॉक्टरीणबाईंनाच बोलावून दोन फोटो काढून घेतले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. बायकोने हेही सुचवून बघितलं. पण नानांनी काम जावयाला सांगितलं होतं. पंचवीस वर्षांत सासऱ्याने पहिल्यांदाच काही मागितलेलं, ते दातांच्या दवाखान्यातून उसनं आणून द्यायचं काटेसाहेबांच्या जिवावर आलं.

आता, वजनमाप निरीक्षकाला कुठलीही महागाची वस्तू घ्यायची तर खात्याला आधी कळवावं लागतं. एखाद्या दुकानदाराने ती प्रेमाने दिली तर नाही ना, हे खात्याला बघायचं असतं. त्यासाठी छापील अर्ज आहे. त्यात एक रकाना आहे, ‘वस्तूचा उपयोग’. दुसऱ्या कुणीही तिथे ‘घरगुती’ असं लिहून सही ठोकली असती. पण काटेसाहेबांनी आयुष्यात कुठला रकाना अर्धा सोडला नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘(१) घड्याळाच्या अंतर्भागाचे निरीक्षण (२) पत्नीचा चेहरा.’

अर्ज आठ दिवसांनी परत आला. अधीक्षकांचा शेरा होता: ‘रकान्यात एकच उपयोग नमूद करावा.’ मग काटेसाहेबांनी नियमाला धरून जे केलं ते त्यांच्याखेरीज कुणाला सुचलं नसतं. परत आलेल्या अर्जात त्यांनी पहिला उपयोग ठेवला आणि दुसऱ्यासाठी दुसरा अर्ज केला. लेन्स एकच, हे दोन्हींत लिहिलं नाही, कारण तसा रकाना नव्हता. पंधरा दिवसांनी त्यांच्या टेबलावर बंद पाकीट आलं. एका महिन्यात दोन लेन्स घेण्याची ऐपत आणि आवश्यकता कोठून उत्पन्न झाली, याचा लेखी खुलासा करावा.

काटेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका दुकानात फुकट पाणी घेतलं नाही, त्याच्याकडे खुलासा. त्यांनी तीन पानं लिहिली. तोवर इकडे नाना दुधाचा पेला टेबलाच्या कडेला ठेवताना दोनदा चुकले होते.

खुलासा वाचून अधीक्षकांनी त्यांना बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त फार वर्षं कागदावर राहिले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घड्याळाच्या चाकाला जे भिंग तेच माणसाच्या तोंडाला, हे मला पटत नाही, पटवून द्या. काटेसाहेबांनी विचारलं, घेतल्याशिवाय पटवून कसं देऊ? आणि अधीक्षक म्हणाले, पटल्याशिवाय घ्यायला परवानगी कशी देऊ? दोघांनाही हे कोडं मनापासून आवडलं होतं.

अखेर डॉक्टरीणबाई जेवणाच्या सुट्टीत आपला कॅमेरा घेऊन कचेरीत आल्या. बाईंनी अधीक्षकांची सही घेतली. म्हणजे सही असलेला कागद घेतला आणि त्यावर लेन्स इतकी खाली आणली की अधीक्षक घाबरून शाईची बाटली सावरू लागले. मग तो फोटो त्यांनी संगणकावर मोठा करून दाखवला.

कागद गुळगुळीत नव्हताच. ते एक जंगल होतं, फांद्यांवर फांद्या पडलेलं, आणि त्यातून निळी नदी वाहत होती. तिला उपनद्या होत्या. काठाकाठाने ती धाग्याधाग्यात शिरली होती, कुठे थांबून तिचं तळं झालं होतं. अधीक्षकांनी अठ्ठावीस वर्षांत किती हजार वेळा ही नदी काढली असेल, आणि एकदाही तिच्या काठावर उभे राहिले नव्हते.

“ही माझी सही?” त्यांनी हळूच विचारलं.

मग बाई दोन पावलं मागे सरल्या आणि त्याच लेन्समधून त्यांचा फोटो काढला, चष्मा कपाळावर सरकवलेला, तोंड जरासं उघडं. तोही चांगला आला. अधीक्षकांनी एक अर्ज फाडला, दुसऱ्यावर मंजुरीची सही केली, आणि ती वाळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

पण दुकानातून वस्तू घेणं ही काटेसाहेबांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. ते आत शिरताच कॅमेऱ्याच्या दुकानदाराचा चेहरा पडला. त्याने पार्सलं जोखायचा काटा पायाने गल्ल्याखाली ढकलला आणि ‘आमच्याकडे वजनाचं काहीच नसतं साहेब’ असं न विचारता सांगितलं. काटेसाहेबांनी शंभरची मॅक्रो मागितली तर हीच सगळ्यांत चांगली, म्हणाला. मग नव्वदची कशी, विचारलं तर तीही सगळ्यांत चांगली. आठ-दहा लेन्स दाखवल्या आणि सगळ्याच सगळ्यांत चांगल्या निघाल्या. खरं सांगितलं तर पकडला जाईन अशी त्याला खात्री होती.

तेव्हा काटेसाहेबांनी खिशातून आपली पोलादी पट्टी काढली. ही पट्टी दरवर्षी तपासून, शिक्का मारून येते. सोबत आणलेल्या कॅमेऱ्याला शंभरची लेन्स लावून त्यांनी पट्टीचा फोटो काढला. वस्तू जेवढी खरी तेवढीच चित्रात उतरते हा मॅक्रो लेन्सचा दावा खोटा निघाला तर इथेच पंचनामा करायचा त्यांचा विचार होता. त्यांनी मिलिमीटर मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता थांबले.

रेघ म्हणजे रेघ नव्हती. तो एक खोल चर होता, दोन्ही कडा तुटलेल्या, आत काळा रंग साचलेला. मिलिमीटर चराच्या या काठाला सुरू होतो की त्या काठाला? या रेघांवर भरवसा ठेवून त्यांनी पंचवीस वर्षं माणसांना दंड केला होता. रेघ खोटी नव्हती. फक्त तिच्यातसुद्धा एवढं मोठं जग आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“काही चुकलं का साहेब?” दुकानदार घामाघूम होऊन म्हणाला.

“नाही,” काटेसाहेब म्हणाले. “पावती करा. पूर्ण रकमेची.”

पुढचे चार दिवस काटेसाहेब घरात गुडघ्यांवर फिरत होते. साखरेचा दाणा त्यांना काचेच्या इमारतीसारखा दिसला, तिच्या कोपऱ्याची वीट पडलेली. खिडकीतल्या ज्या कोळ्याला ते वर्षानुवर्षं झाडूने हाकलत होते त्याच्या कपाळावर आठ डोळे निघाले, आणि त्यांतले मधले दोन मोठे डोळे त्यांच्याकडेच बघत होते, निरीक्षकाने बघावं तसे. काटेसाहेबांनी कॅमेरा खाली ठेवला आणि त्या जीवाची पुटपुटत क्षमा मागितली. एवढ्याशा कपाळावर एवढं काम करून ठेवणाऱ्याने स्वतःची सही मात्र कुठे केलेली दिसत नव्हती. ते बायकोला हाका मारीत. ती पोळपाटावरचे हात तसेच घेऊन येई, बघे, आणि परत पोळ्यांकडे जाई. दोन पोळ्या त्या आठवड्यात करपल्या.

चेहऱ्याचा सराव म्हणून पहिला मान ग्रंथपालांना दिला. तक्ता त्यांचाच होता. ते इस्त्रीचा सदरा घालून बसले, हनुवटी जरा वर, नजर दूरच्या पुस्तकावर असावी तशी. काटेसाहेबांना जवळ जायची सवय लागली होती. फोटोत ग्रंथपालांच्या नाकाचा डावा उतार आला. त्यावर छिद्रं होती, एक रोप उगवलं होतं, आणि उतार संपतो तिथे दुपारच्या डाळीचा एक कण स्वच्छ, सुंदर, सोनेरी चमकत होता. काटेसाहेबांना तो खरोखर सुंदर वाटला आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं. ग्रंथपाल त्यानंतर जिन्यात भेटले तर कठड्याकडे बघून उतरत.

मग बायकोची पाळी आली. तिच्याजवळ जायचं नाही हे काटेसाहेबांनी ठरवलंच होतं. ते चांगले तीन पावलं मागे उभे राहिले. फोटो स्पष्ट आला. अतिशय स्पष्ट आला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

“हा माझा चेहरा आहे की डांबर उखडलेला रस्ता?” ती म्हणाली. “अहो, नानांना हे दाखवायचं? त्यांच्या मनात मी कशी आहे ठाऊक आहे का तुम्हाला? सात-आठ वर्षं त्यांनी मला धड बघितलेलं नाही. शेवटचं म्हणून हे बघायचं त्यांनी?”

काटेसाहेब स्टुडिओवाल्याकडे गेले. त्याने आवाज खाली आणून जुनी युक्ती सांगितली: बायकांच्या पातळ पायमोज्याचा तुकडा लेन्सच्या तोंडावर ताणून बांधायचा. सुरकुती दिसत नाही, माणूस ढगातून बघितल्यासारखा येतो. काटेसाहेब पायमोजा घेऊन घरी आले आणि तासभर तो हातात धरून बसले. पारड्याखाली मेण लावणाऱ्यांना ते काय काय बोलले होते ते एकेक आठवत गेलं. पण बायकोचे डोळे भरले होते. त्यांनी तुकडा बांधला, रबर लावलं, आणि उभ्या आयुष्यातलं पहिलं खोटं माप केलं. फोटोत बायको तिशीची आली. ती खूश झाली. काटेसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी नाना टीव्हीच्या मोठ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले, मान वाकडी करून, कारण सरळ बघितलं की धुकं आडवं येई. आधी घड्याळ. त्यांनी स्वतःच, नुसत्या बोटांनी, झाकण उघडून दिलं होतं. काटेसाहेबांनी तीन दिवस खपून आतला एकेक कोपरा टिपला होता. पडद्यावर पितळेचं चाक उगवलं, सूर्य उगवावा तसं. मग लाल खडा, त्यात रुतलेलं सुईएवढं टोक. मग केसासारखी स्प्रिंग, गोल गोल गोल. नाना ओठ हलवत एकेकाचं नाव घेत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसले. ती खूण प्रत्येक घड्याळजी आपण दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या आत सोडतो, बाहेरच्या कुणाला न दिसणारी. नानांनी उठून पडद्यावर हात ठेवला.

“हात थरथरत होता त्या दिवशी,” ते म्हणाले. “ओरखडा बघा, कसा वाकलाय.”

मग ते परत बसले. “आता पोरगी.”

ढगातली बायको पडद्यावर आली. नानांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. पुढे झुकले.

“कोण बाई आहे ही?” त्यांनी विचारलं.

काटेसाहेब उठले. त्यांनी सगळं सांगितलं, पायमोजा, रबर, स्टुडिओवाला, एकही रकाना न सोडता. सांगून झाल्यावर ते बायकोकडे बघू शकले नाहीत. पण तीच खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. चष्मा काढून तिने मांडीवर ठेवला.

“जवळून काढा,” ती म्हणाली. “घड्याळाचे काढलेत तसे.”

काटेसाहेबांनी तसे काढले. भुवईचा एक, डोळ्याच्या कोपऱ्याचा एक, नाकपुडी, ओठाची कड, कानाची पाळी. श्वास घेतला तरी चित्र हलत होतं, म्हणून दोघंही श्वास धरून. एकेक तुकडा पडद्यावर भिंतीएवढा होत गेला आणि नाना पुन्हा घड्याळजी झाले. पूर्ण घड्याळ त्यांना कधी बघायचंच नसे. भिंगातून दिसेल तेवढाच भाग बघायचा आणि बाकीचं मनात जुळवायचं, हे त्यांनी पन्नास वर्षं केलं होतं.

“ही भुवई,” ते म्हणाले. “इथे खोच आहे. झोपाळ्यावरून पडली होतीस. हा माझ्या आईचा कान.” मग डोळ्याचा कोपरा आला. त्यातून रेघा निघाल्या होत्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि पापणीत एक केस पांढरा होता. नाना त्यावर थांबले. बायकोने तोंड पदराआड केलं.

“हे नवीन आहे,” नाना म्हणाले. “हे मी बघितलंच नव्हतं. मी आपला तुला रोज पंचविशीची धरून बोलतोय. बाहेर जाताना सांभाळून जा म्हणून सांगतोय. केवढी मोठी झालीस गं. आणि मला कळवलं नाहीस.”

“कळवायचं काय त्यात, नाना,” ती पदराआडूनच म्हणाली.

नानांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. चार वेळा लावला. बघून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि खुर्चीत मागे रेलत म्हणाले, “जावईबापू, आता तुम्ही. तुमचा नुसता आवाज ऐकतोय किती दिवस.”

काटेसाहेबांनी हा विचारच केला नव्हता. ते स्टुलावर बसले, कॉलर सारखी केली, भांग चाचपला. ज्यांच्या येण्याने बाजार सरळ उभा राहतो ते आता स्वतः सरळ बसले. बायकोने कॅमेरा हातात घेतला, त्यांनीच शिकवलं होतं तसा डावा हात लेन्सखाली धरला आणि जवळ आली. आणखी जवळ आली. तिचा श्वास त्यांच्या गालाला लागला आणि मग थांबला. बटण दाबल्याचा आवाज काही येईना.

“काय झालं?” काटेसाहेबांनी ओठ न हलवता विचारलं. “बिघडलंय का काही?”

“नाही,” ती कॅमेऱ्याआडून म्हणाली. “हलू नका. बघू दे.”